पुढचे उभे राहिले तर?

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधल्या सिनेगीतांच्या कार्यक्रमाची तिकिटं अजून काढलेली नाहीत. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, खुर्चीचे पैसे घेतात तर पुढची माणसं उभी कशी राहतात, आणि त्यांना कुणी काही बोलत कसं नाही? प्रश्न रास्त आहे, पण फोनवर उत्तर अर्धवट राहिलं म्हणून लिहितेय. सिनेगीतांच्या कार्यक्रमात उभ्या राहिलेल्या माणसाला खाली बसवता येईल याचा काही भरवसा नसतो. आपल्या हातात फक्त आपली खुर्ची कुठे घ्यायची एवढंच असतं. त्यामुळे या पत्रात रीतिभातीपेक्षा जागेचंच पुराण जास्त आहे.

तुम्ही दोघं मिरजेचे. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेत रात्र रात्र मांडी घालून बसलेले. तिथला कायदा सगळ्यांना पाठ असतो: बसून ऐकायचं, उठायचं ते कलाकार बदलताना, आणि संथ विलंबित गाणं चालू असताना कुणी वाकून जरी समोरून गेलं तरी दहा माना वळतात. दाद बसल्या जागेवरूनच जाते. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवातही तेच. शिवाय आपल्याकडच्या मांडवाची मांडणी फार शहाणी असते. पुढे सतरंजी, तिच्यामागे खुर्च्या, खुर्च्यांच्या मागे उशिरा आलेले उभे. सतरंजीवरच्या माणसाचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरवर, खुर्चीतल्याचे एक मीटर पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, उभ्याचे दीड मीटरच्याही वर. कुणी आर्किटेक्ट न बोलावता सपाट जमिनीवर उतार तयार होतो आणि कुणाचं कुणाला आड येत नाही.

स्टेडियममधल्या कार्यक्रमात हा क्रम नेमका उलटा असतो. सगळ्यात पुढे, स्टेजला खेटून, उभ्यांची जागा. तिला फॅन पिट म्हणतात. २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले ते याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, तेव्हाही मैदानातली जागा उभ्यांची होती आणि खुर्च्या गॅलरीत. यात आयोजकांचा हिशेब असतो. रस्ते धरून एका खुर्चीला जेवढी जागा लागते तेवढ्यात उभी दोन माणसं सहज मावतात. आणि गाणाऱ्याला समोर नाचणारी गर्दी दिसली की तो खुलतो, कॅमेऱ्यालाही तेच हवं असतं. त्यात आपण काही बदलू शकत नाही.

खरी गडबड होते ती मैदानात खुर्च्या मांडतात तिथे. पांढऱ्या कव्हरच्या, सोनेरी रिबिनी बांधलेल्या खुर्च्या, तिकिटावर 'प्लॅटिनम' वगैरे भारदस्त नाव, आणि भाव सगळ्यात चढा. बाबा, तुम्ही हेच घ्यायचं म्हणत होतात. घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्यामागे गणित आहे. सपाट जमिनीवर दोन रांगांत साधारण नव्वद सेंटिमीटर अंतर असतं. तुम्ही बसलेले, तुमचे डोळे एकशे पंधरावर. पुढचा उभा राहिला, त्याचं डोकं एकशे पासष्टवर. म्हणजे नव्वद सेंटिमीटरांत तुमची नजर पन्नास सेंटिमीटर वर चढली तरच त्याच्या डोक्यावरून जाणार. तीच रेघ तीस मीटर लांबच्या स्टेजपर्यंत ओढली तर जमिनीपासून जवळजवळ अठरा मीटरवर पोचते. सहा मजली इमारतीची उंची झाली. स्टेज फार तर दोन मीटर उंच, त्यावरचा गायक आणखी पावणेदोन. गायक तर जाऊच दे, बाजूचा एलईडी पडदाही झाकला जातो. म्हणूनच तिथे पहिल्या दोन-तीन रांगा उठल्या की मागच्यांना उठावंच लागतं, मग त्यांच्या मागच्यांना, आणि मिनिटभरात सगळं मैदान उभं. तुमच्या पुढचा माणूस उद्धट नसतो हो, त्याच्याही पुढचा उठलेला असतो.

म्हणून "अहो, खाली बसा" असं मागून ओरडण्याचा उपयोग नाही. नाट्यगृहात तो होतो, कारण तिथे बाकी सगळे बसलेले असतात आणि एकटा उभा राहिलेला ओशाळतो. इथे त्याने तुमचं ऐकून बसायचं म्हटलं तर त्यालाच काही दिसणार नाही. वर आवाज एवढा की ओरडणं त्याच्या कानापर्यंत जाणारही नाही.

मग गॅलरी. पायऱ्या उंच असल्या की प्रश्न मिटला असं वाटतं, तसं नाही. स्टेडियमच्या पायऱ्यांचा चढ ठरवताना बसलेल्या माणसाची नजर पुढच्या बसलेल्याच्या डोक्यावरून सहा ते नऊ सेंटिमीटर वरून जाईल एवढाच हिशेब धरायची रीत आहे. पुढचा उभा राहिला की त्याचं डोकं चाळीसएक सेंटिमीटर वर येतं. सहा-नऊ सेंटिमीटरची सवलत तिथे कुठे पुरणार? सगळे बसले तर गॅलरीत छान दिसतं, सगळे उभे राहिले तरीही दिसतं. निम्मे असे नि निम्मे तसे झाले की बसलेल्यांचं मरण.

तेव्हा ज्या खुर्चीच्या पुढे माणूसच नाही अशी खुर्ची शोधायची. अशा जागा तीन प्रकारच्या सापडतात.

एक, गॅलरीतल्या कुठल्याही टप्प्याची पहिली रांग, जिच्यापुढे आडवा रस्ता किंवा कठडा असतो. खालच्या टप्प्याची पहिली रांग मैदानापासून दीड मीटर तरी उंच हवी. मग मैदानात उभ्या असलेल्यांची डोकी तुमच्या नजरेखाली राहतात, वर केलेले मोबाइल मात्र अधूनमधून आड येणारच. कठड्याची मेख वेगळी. कठड्याचा वरचा दांडा बरोबर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येऊ शकतो, आणि हौशी मंडळी कठड्याला येऊन टेकतात. कठड्याला टेकलेल्याला उठवणं सोपं असतं, कारण ती त्याची जागाच नसते. व्हॉलंटियरला नुसती खूण केली तरी तो हलवतो.

दुसरी जागा मला जास्त आवडते. स्टेज मैदानाच्या एका टोकाला असतं आणि बाजूच्या गॅलरीतल्या खुर्च्यांची तोंडं मैदानाच्या मध्याकडे. म्हणजे बाजूच्या ब्लॉकमधून आपण स्टेजकडे तिरके बघतो. नजर समोरच्या माणसावरून न जाता कर्णासारखी जाते. अशा ब्लॉकमध्ये स्टेजच्या बाजूला जिना येईल अशी कडेची खुर्ची घेतली तर नजर रिकाम्या जिन्यावरून जाते. जिना उलट्या बाजूला असेल तर त्या खुर्चीचा काही फायदा नाही, हे तिकीट काढताना नकाशावर नीट बघायचं. डावी-उजवी बाजू स्टेजवरून मोजली आहे की प्रेक्षकांतून, इथेच घोळ होतो. कडेच्या खुर्चीला आणखी एक सोय आहे: आईला पाय लांब करता येतो आणि उठताना कुणाला ओलांडावं लागत नाही.

तिसरी म्हणजे दिव्यांगांसाठीची चौथऱ्यावरची जागा. अमेरिकेत नियमच आहे की जिथे प्रेक्षक उभे राहण्याची शक्यता असते तिथे व्हीलचेअरच्या जागेवरून उभ्या माणसांच्या वरून दिसलं पाहिजे. आपल्याकडे चौथरा असला तरी तो किती उंच आहे, उभ्या लोकांच्या मागे आहे की पुढे, हे विचारूनच घ्यावं लागतं. आयोजकांना मेल करून ठेवते. आई, लाजू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने तिथे बसायचं नाही तर कुणी बसायचं?

आता प्रत्यक्ष कार्यक्रमातलं. आपल्याकडे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढंच. त्यामुळे कार्यक्रम साडेसहा-सातला सुरू होऊन दहाच्या आत आटपतात. गाण्यांचा क्रम बहुतेक ठरलेला असतो: सुरुवातीला दोन-तीन दणक्याची गाणी, मग तासभर संथ, शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा सगळं ढोल-ताशाचं. दणक्याच्या गाण्याला लोक उठणारच. तिथे कुणाला बसा म्हणायला जाऊ नका, तो हट्ट आपला ठरतो. संथ गाणं सुरू झालं, आजूबाजूचे बसले आणि एकटा समोर मोबाइल उंच धरून उभाच आहे, तिथे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र गाणं चालू असताना नाही, दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत. खांद्याला हलकेच हात लावायचा, शर्ट ओढायचा नाही. एकच वाक्य: "दादा, हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, संथ गाण्यांना बसाल का?" 'संथ गाण्यांना' हे शब्द गाळू नका. सगळ्या कार्यक्रमासाठी बसायला सांगितलं तर नाही म्हणतो, थोड्यासाठी सांगितलं तर बहुतेक जण बसतात. बाबा, तुमचा तो शाळेतला आवाज तेवढा खिशात ठेवा. ऐकलं नाही तर वाद घालायचा नाही, व्हॉलंटियरला बोलावून दुसरीकडे जागा मागायची. कडेच्या ब्लॉकमध्ये थोड्याफार खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात.

आपल्यावरही मागचे अवलंबून असतात हेही बघायचं. बाबा, तुम्हाला एखाद्या गाण्याला उभं राहावंसं वाटलं तर जरूर राहा, पण आधी मागे बघा. मागे कुणी बसलेलं म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर गाणं संपताच बसायचं. आणि सगळे उभे आहेत म्हणून तुम्हीही उभं राहिलंच पाहिजे असं अजिबात नाही. बसून टाळी दिली तरी ती टाळीच असते. राष्ट्रगीत किंवा राज्यगीत लागलं तर गोष्ट वेगळी, तिथे झेपेल त्याने उभं राहायचं. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचं आहे. आई, हाताला कठडा किंवा बाबांचा खांदा असू दे, आणि पाय दुखत असेल तर बसूनच राहा.

उठण्याची एक खबरदारी बाबांसाठी. तास-दीड तास बसलं की रक्त पायांत उतरतं. त्यात तुमची बीपीची गोळी. सगळे एकदम उठले म्हणून तुम्हीही झटक्यात उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आणि गॅलरीत पुढे उतरती पायरी असते. आधी खुर्चीच्या कडेला सरका, पावलं घोट्यातून दहा-पंधरा वेळा वरखाली करा, मग हाताने धरून उठा, अर्धा मिनिट तसेच थांबा. उभं असताना गुडघे ताठ करून ठेवू नका, वजन या पायावरून त्या पायावर घेत राहा. बाटली गेटवर काढून घेतात, पाणी आत विकत मिळतं, ते महाग आहे म्हणून प्यायचं टाळू नका. काठी आत नेता येते. घडीची खुर्ची आणि छत्री सहसा अडवतात.

आवाजाचंही सांगून ठेवते. अशा कार्यक्रमांत पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये सांगितलंय. स्पीकरजवळ त्याहून जास्त भरायला वेळ लागत नाही. मैदानाच्या मध्ये उंच खांबांवर स्पीकरची दुसरी फळी लावलेली असते, तिच्या अगदी समोर येणारा ब्लॉक मी टाळते आहे. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, कान मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. नुसते टेकवले तर काही उपयोग होत नाही. बाबांनी श्रवणयंत्र डबीत घालून खिशात ठेवावं.

शेवटचं गाणं झालं की मात्र सगळे निघतील आणि तुम्ही बसून राहायचं. गॅलरीचे जिने तेव्हा सगळ्यात धोक्याचे असतात, मागून रेटा आणि पायाखाली सांडलेलं कोल्ड्रिंक. वीस मिनिटांत जिना मोकळा होतो. टॉयलेटला जायचं ते संथ गाण्यांच्या तासात जाऊन यायचं, शेवटी तिथे रांग हलत नाही.

ब्लॉकचा नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवतेय, दोन जागांवर लाल खूण केली आहे. पहिली खालच्या टप्प्याची पहिली रांग, तिथे पायऱ्या कमी आहेत पण कठडा आहे. दुसरी बाजूच्या ब्लॉकमधली कडेची, तिथून जास्त चांगलं दिसेल पण चोवीस पायऱ्या चढाव्या लागतील. आई, आपल्या जिन्यावर दोनदा चढउतर करून बघ आणि गुडघा काय म्हणतो ते रविवारपर्यंत कळव. त्याप्रमाणे पैसे भरते.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, प्लॅटिनमचे जे पैसे वाचतील त्यात मिरजेहून येण्याचं एसीचं आरक्षण होतं. खालचे बर्थ बघते आहे.