उचल

अंबाजोगाई,
कोजागरी

प्रिय सुन्या,

तुझं पत्र मिळालं. मुंबईच्या गॅलरीनं करारपत्र पाठवलंय, सही करू का म्हणतोस. कर की लेका. पण आधी माझं ऐक.

परवाच आमच्या रस्त्यानं ऊसतोडीच्या गाड्या गेल्या. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी, वर भांडीकुंडी, लेकरं. बघता बघता वाटलं, आपलं तरी काय वेगळं आहे? माईच्या ऑपरेशनला माझ्या गॅलरीवाल्यांनी एका फोनवर दोन लाख पाठवले होते. व्याज नाही, कागद नाही. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण आहे. फेड चित्रांतून करायची ठरली, अन् कोणत्या चित्रांतून ते त्यांनी ठरवलं.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आठवतं? त्या उन्हाळ्यात मी घागरींच्या रांगा अन् भेगाळलेली रानं काढली. पोटातून काढली होती रे. सगळी विकली गेली. तेव्हापासून त्यांना माझ्याकडून तेच हवं. पुढं एका चांगल्या पावसाच्या साली मांजरा धरण भरलं, बांधावर कंबरभर गवत झालं, मी हिरवीगार चित्रं पाठवली. फोन आला, "सर, छानच आहेत. पण लोक तुमच्याकडं दुष्काळासाठी येतात." फोनवर हसलो, रात्रभर मात्र डोळा लागला नाही. पाऊस पडला की तोटा, असला धंदा कुणब्याच्या पोरानं करावा!

गॅलरी विक्रीचे निम्मे पैसे घेते, त्याचं मला काही वाटत नाही. बड्या लोकांच्या घरी चहा पीत बसणं आपल्याच्यानं झालं असतं का? फ्रेमचा अन् ने-आणीचा खर्च कोणाचा, विकल्यावर पैसे किती दिवसांत, एवढं मात्र लिहून घे. माझ्या वाट्यातून फ्रेमा कापल्या गेल्या अन् मला दोन वर्षांनी कळलं.

अन् चित्र कोणाच्या घरी गेलं, ते नाव माग. ते सहज देत नाहीत, गिऱ्हाईक थेट तुझ्या दारात येईल ना! चित्रकार तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' हे चित्र २००२ मध्ये लिलावात दीड कोटीच्या घरात गेलं, त्यातलं त्यांच्या हाती काही आलं नाही. चित्र कधीचंच विकून झालेलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३अ कलम आहे. दहा हजारांवर फेरविक्री झाली तर चित्रकाराला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पण चित्र कोणाकडं आहे हेच ठाऊक नसेल, तर मागणार कोणाला?

हिरवी चित्रं मी परत मागवली. भाडं माझ्याच बोकांडी. एक माईच्या खोलीत लावलंय. बराच वेळ बघून म्हणाली, "सोयाबीन बरं काढलंस, पण तण कोण काढणार?"

तुझा,
शिवा

ता. क. सहीआधी करारपत्राचा फोटो पाठव. सगळ्या पानांचा. मागच्या बाजूचाही.