पाहुणे मोठे, यजमान पदरमोड करणारे

सॉल्ट लेक सिटी

प्रिय मंजू,

मागे तू विचारलं होतंस, "तुझे ते मॉर्मन शेजारी रोज सकाळी नटूनथटून जातात तरी कुठे?" अगं, त्यांच्या चर्चच्या, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्यालयात. परदेशातून कुणी राजदूत, मंत्री आले की त्यांची सरबराई करायला.

शेजारचे आजोबा दातांचे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर आजी-आजोबा दोघंही मिशनरी झाले. मिशनरी म्हटलं की आपल्याला नगरचे अमेरिकन मिशनवाले आठवतात, शाळा-दवाखाने काढणारे. यांचं काम वेगळं. छातीवर नावाची काळी पट्टी लावायची आणि पाहुण्यांना हिंडवायचं. पगार नाहीच, उलट घरखर्चही स्वतःचा. टेंपल स्क्वेअरवर, म्हणजे त्यांच्या मुख्य मंदिराच्या आवारात, तरुण मुलीही असतात, देशोदेशीच्या. नावाच्या पट्टीजवळ आपापल्या देशाचा झेंडा. पाहुण्याच्या भाषेतली एखादी मिळाली की निम्मं काम तिथेच होतं.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे टॅबरनॅकल. 1867 सालचं घुमटाकार सभागृह, ऑर्गनला 11,623 नळ्या. पाहुण्यांना पार मागच्या बाकावर बसवतात आणि पुढून टाचणी टाकतात. टिक्! स्पष्ट ऐकू येतं. मीही बसून पाहिलं. आधी मला वाटलं, माइक लपवला असेल!

चहा मात्र नाही हं. 1833 सालच्या एका धर्मोपदेशामुळे त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. आपल्याकडे पाहुणा टेकायच्या आत आधण चढतं, आणि इथे राजदूतालाही पाणी नाहीतर सरबत. कुणी कुरकुर केल्याचं आजींना आठवत नाही. (राजदूत कुरकुरणार तरी कसा म्हणा!)

भेट म्हणून बऱ्याचदा पाहुण्याचीच वंशावळ देतात, छान बांधलेली. वंशावळींचं यांचं ग्रंथालय जगात सर्वांत मोठं. धर्माची गोष्ट न काढता तुमचा खापरपणजोबा तुमच्या हातात ठेवायचा! मला हे प्रेमळही वाटतं आणि पक्कं धोरणीही. आजींना मी तसं सरळ म्हटलं, तर त्या नुसत्या हसल्या.

आणि धोरण फार जुनं आहे गं. 1872 च्या फेब्रुवारीत जपानचं इवाकुरा शिष्टमंडळ वॉशिंग्टनला निघालं होतं. पुढे बर्फाने रेल्वे बंद, म्हणून मंडळी इथेच अडकली, दोनेक आठवडे. गावाने मेजवान्या दिल्या, टॅबरनॅकल दाखवलं. गंमत म्हणजे चर्चचे अध्यक्ष ब्रिगहॅम यंग तेव्हा स्वतःच्याच घरात नजरकैदेत! त्या जपान्यांना भेटलेले लोरेन्झो स्नो पुढे चर्चचे अध्यक्ष झाले, आणि 1901 साली त्यांच्याच कारकिर्दीत पहिले मिशनरी जपानला पोचले. म्हणजे पाहुणचाराचं व्याज 29 वर्षांनी वसूल. सगळं श्रेय त्या मेजवान्यांना देणार नाही मी, पण ओळख विसरली गेली नव्हती एवढं खरं.

आता तुझ्या येण्याचं. मुख्य मंदिर बांधायला 40 वर्षं लागली, 1893 ला पुरं झालं. भूकंपापासून वाचवायला पाया बळकट करतायत, म्हणून 2019 च्या डिसेंबरपासून बंद आहे. 2027 च्या एप्रिल ते ऑक्टोबर ते सगळ्यांना आतून दाखवणार आहेत. नंतर पुन्हा फक्त त्यांच्यातल्यांना प्रवेश. तेव्हा तिकीट त्याच महिन्यांतलं काढ, आणि कधीचं काढतेयस ते आधी कळव. आजोबांना सांगून ठेवते, राजदूत नसलीस तरी ते फिरवतील.

काकूंना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझी,
शुभा