अकरा दिवस जमिनीवर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बोटीखाली उताणा पडून सुकाणूची खालची कड खरवडत होतो. कोपरापर्यंत तांब्याच्या रंगाचा लाल चिखल. रात्री शिडी चढून वर आल्यावर पत्र उघडायचो आणि दोन ओळी वाचता वाचता झोप लागायची, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस.

तू लिहिलंस की पुढच्या वर्षी तूही बोट घेऊन तिच्यावरच राहायचं ठरवतो आहेस. मग तुला हे सगळं नीट सांगायलाच हवं. दोन वर्षांनी आम्ही बोट पाण्याबाहेर काढली, बूड रंगवायला.

उचलण्याच्या आदल्या रात्री मला आणि बायकोला, दोघांनाही झोप नव्हती. आपली भांडी, पुस्तकं, अंथरुणं, सगळा संसार दोन रुंद पट्ट्यांवर हवेत लटकणार, ही कल्पनाच सोसवत नाही. बोट उचलणाऱ्या लिफ्टच्या आडव्या तुळईला अडू नये म्हणून डोलकाठीचा मागचा तणावा सोडावा लागला. पट्टे नेमके कुठे बसायला हवेत त्याच्या खुणा मी आधीच काठावर करून ठेवल्या होत्या. पट्टा बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर बसला तर दांडा वाकतो आणि वेग मोजणारं चाक तर चिरडूनच जातं. तुझी बोट आली की पहिल्यांदा या खुणा कर. आणि पुढचा पट्टा नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, सरकू नये म्हणून दोन्ही पट्टे एकमेकांना बांधलेत ना, ते उचलण्याआधी स्वतः पाहा.

बोट वर आली आणि तिचं बूड दिसलं. हिरव्या शेवाळाच्या झिपऱ्या, पंख्यावर बार्नेकल नावाच्या कवचाच्या जीवांचे थरच्या थर. मशीनचा वेग का पडला होता ते तिथेच कळलं. ही घाण ओली आहे तोवरच जोराच्या फवाऱ्याने धुवावी लागते. एकदा वाळली की बार्नेकल दगडासारखे चिकटून बसतात.

धुऊन झाल्यावर बोट जागेवर ठेवली. सगळं वजन कीलखालच्या, म्हणजे बुडाच्या मधल्या कण्याखालच्या, लाकडी ठोकळ्यांवर. बाजूचे लोखंडी टेकू फक्त तोल सांभाळतात आणि समोरासमोरचे टेकू सरकू नयेत म्हणून साखळीने जोडलेले असतात. त्या टेकूंना ताडपत्रीची दोरी कधीही बांधू नकोस. वारा ताडपत्रीत भरला तर टेकूच ओढून नेईल.

आता खरी गोष्ट. रंग द्यायला आलो होतो, पण धुतलेल्या बुडावरून हात फिरवताना बेसिनचं पाणी बुडातून बाहेर सोडणाऱ्या तोटीपाशी थांबलो. तिची कड गुलाबी दिसत होती. चाकूने खरवडलं तर खाली पिवळा चकाकता धातू निघायला हवा होता. निघाला तो फिका गुलाबी, भुसभुशीत. पितळेत जस्त असतं. खारं पाणी ते हळूहळू शोषून घेतं आणि मागे उरतो तांब्याचा पोकळ सांगाडा. आत जाऊन सीकॉकला, म्हणजे त्या तोटीवरच्या झडपेला, पाना लावला, जरा जोर दिला आणि तो तुकडा माझ्या हातात आला. मित्रा, तो सीकॉक आमच्या उशीपासून हातभर अंतरावर आहे. दर महिन्याला मी त्याची दांडी फिरवून बघत होतो, ती छान फिरत होती आणि मी निश्चिंत होतो. तुकडा हातात घेऊन मी किती वेळ जमिनीवर बसून राहिलो कोण जाणे. बायको खाली आली, तिने तो हातात घेतला, बोटांनी चुरला आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसली.

पाचही तोट्या बदलल्या, ब्राँझच्या बसवल्या. चार दिवसांचं काम अकरा दिवसांवर गेलं. तुला कुणी म्हणेल, पाणबुड्याला बोलावून पाण्यातच बूड घासून घे. घास, पण म्हणून बोट बाहेर काढणं टाळू नकोस.

रंगाचं काम मात्र मला मनापासून आवडतं. या रंगात तांबं असतं, त्याचा इतिहास तुला आवडेल. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. शेवाळ, किडे दूर राहिले, पण तांब्याच्या संगतीत लोखंडी खिळे खाऊन गेले. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तांब्याला जस्त-लोखंडाचे तुकडे जोडून त्याची झीज थांबवली. झीज थांबली आणि बुडावर पुन्हा जीव धरू लागले! तांबं विरघळतं म्हणूनच राखण करतं. आमचा रंगही तसाच, हळूहळू झिजणारा. डेव्हीचं जस्त अजून आहेच, पंख्याच्या दांड्यावर. आमचं अर्धं खाऊन झालं होतं, नवीन लावलं. त्यावर रंग लावायचा नाही, नाहीतर ते काम करत नाही. कथिलाचे जहाल रंगही एके काळी होते, पण त्यांनी फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची शेती उद्ध्वस्त केली. २००८ पासून जगभर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आपला रंगही विषच आहे, म्हणून जुना थर पाण्याने ओला ठेवूनच घासला, तोंडाला मास्क, खाली ताडपत्री, एक थेंब मातीत जाऊ दिला नाही.

डब्यात तांबं तळाशी बसतं, ते खरवडून ढवळत राहावं लागतं. पहिला हात लाल, वर दोन हात काळे. उद्या काळ्यातून लाल डोकावलं की समजायचं, वेळ झाली. पाणरेषेवर आणि कीलच्या पुढच्या कडेवर एक हात जास्त, तिथे झीज मोठी.

वर राहणं अवघड गेलं. बेसिनमध्ये पाणी ओतता येत नाही, रात्री बाहेर जायचं तर अंधारात शिडी. पण सगळ्यात जास्त खुपली ती शांतता. पाण्यात असताना बुडातून रात्रभर बारीक तडतड ऐकू येते, चिमटे वाजवणाऱ्या कोळंबीची. अकरा रात्री ती नव्हती, आणि बोट हलतही नव्हती.

काल पाण्यात उतरलो. टेकूंखालचे उघडे राहिलेले ठिपके पट्ट्यांवर लटकत असतानाच रंगवले. बोट पाण्यात टेकल्यावर पट्टे सोडू दिले नाहीत. आधी मी बॅटरी घेऊन पाचही सीकॉकपाशी पालथा पडलो, प्रत्येकाच्या मुळाशी कोरडा कागद फिरवला. कोरडाच निघाला. मग हात वर करून खूण केली.

रात्री ती म्हणाली, “ऐक.” तडतड सुरू झाली होती.

बोट बघायला जाशील तेव्हा मला आधी कळव. मी येतो. चाकू घेऊन येतो.

तुझाच,
जिवलग