खासदारांच्या ऑफिसातल्या दादांना, जरा उशिरानेच

दादा,

नाव लिहीत नाहीये, कारण तुम्हीच बजावलं होतं की नाव घ्यायचं तर साहेबांचं घ्या, माझं नको. साहेबांना हार घालून झाला, फोटोपण झाला, त्या फोटोत तुम्ही कुठेच नाही आणि माझ्या डोक्यात तेच बसलंय.

तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, जून 2024 चा शेवट होता, साहेब नुकतेच निवडून आलेले, ऑफिसच्या भिंतींना अजून ऑइलपेंटचा वास. मी आणि आई आत आलो तेव्हा पुढे चार-पाच जण रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्याच्या पत्रासाठी बसलेले. आमचा नंबर आला आणि मी सुरूच झाले, भावाला टीबी झालाय, फेब्रुवारीत निघाला, सरकारी गोळ्या सुरू होत्या, एप्रिलमध्ये गोळ्याच संपल्या, कुणी ऐकत नाही, असं सगळं एका दमात. तुम्ही पेन खाली ठेवलं आणि म्हणालात, "ताई, रडायचं नंतर. आधी तारखा द्या."

खरं सांगू, तेव्हा राग आला होता.

पण आईनं पिशवीतून कालनिर्णयचं एप्रिलचं पान काढलं. गोळ्या घेतल्या त्या दिवशी गोल, नाही मिळाल्या त्या दिवशी फुली. नऊ फुल्या होत्या. तिला वाचायला नीट येत नाही पण फुली मारता येते. तुम्ही ते पान दोन्ही हातात धरून इतका वेळ बघत होतात की मागचा माणूस खाकरायला लागला.

तेव्हाची सरकारी टीबी सेंटरवरची अवस्था अशी होती की चार औषधं एकत्र असलेली ती गोळी (भावाचं वजन 44 किलो, म्हणजे रोज तीन) स्ट्रिप कात्रीनं कापून द्यायचे, कधी चार दिवसांची, कधी दोन, एकदा तर एक्सपायरीची तारीखच अर्धी कापली गेलेली. आणि काउंटरच्या वर भिंतीवर पोस्टर, टीबी हारेगा देश जीतेगा. तिथल्या बाईंचा दोष नव्हता, त्यांनाच वरून येत नव्हतं, बिचाऱ्या आमच्याकडे बघायचं टाळायच्या. मग बाहेरून विकत आणल्या, तालुक्याला दोन दुकानांत नाहीत, जिल्ह्याला मिळाल्या, गोळ्यांपेक्षा जाण्यायेण्याचं भाडं जास्त. पहिल्या दोन महिन्यांत असा खंड पडला की औषधाला जंतू दाद देईनासे होऊ शकतात, हे आम्हाला डॉक्टरांनी थुंकी परत सीबीनॅटला, म्हणजे जंतू औषधाला दाद देतात का ते बघणाऱ्या तपासणीला, पाठवली तेव्हा कळलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आई जेवलीच नाही म्हणलं तरी चालेल. चांगला आला रिपोर्ट.

केंद्राचं ते पत्र तुम्हीच आम्हाला दाखवलंत, 18 मार्च 2024 चं. पुरवठ्याला उशीर होऊ शकतो, राज्यांनी तीन महिन्यांपुरत्या गोळ्या स्थानिक पातळीवर घ्याव्यात, आणि तेही जमलं नाही तर पेशंटला खर्च परत द्यावा. म्हणजे दिल्लीला आमच्या फुल्यांच्या आधीच माहीत होतं! आणि विचारणार कोण, तेव्हा संसद भरतच नव्हती, फेब्रुवारीत अधिवेशन संपलं आणि पुढे निवडणूक. जो तो आचारसंहिता म्हणून हात झटकत होता. गोळीला कसली आचारसंहिता, हे मला अजून कळलेलं नाही.

पण मला आभार मानायचेत ते खरं म्हणजे त्या संध्याकाळचे, जेव्हा तुम्ही माझ्यासमोर साहेबांनी लोकसभेत विचारायचा प्रश्न लिहिलात. मी म्हणलं लिहा ना सरळ, टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा आहे का, असल्यास कारण काय. तुम्ही हसलात. म्हणालात, असं विचारलं की उत्तरात प्रश्नाच्या (क) भागाला "नाही" लिहितात आणि (ख), (ग), (घ) ला "प्रश्न उद्भवत नाही", झालं, चार ओळीत सुटले. सप्टेंबर 2023 मध्ये असंच झालं होतं, पेपरात तुटवड्याच्या बातम्या आल्या आणि मंत्रालयानं बातम्याच दिशाभूल करणाऱ्या म्हणून सांगितलं. म्हणून आहे का नाही असं विचारायचंच नाही. 18 मार्चचं पत्र कोणत्या कारणाने काढलं, त्या दिवशी कोणत्या राज्यात किती साठा होता, स्थानिक खरेदीला किती पैसे दिले, किती पेशंटना खर्च परत मिळाला. एक प्रश्न दुसऱ्यावर टेकलेला नको, एक पाडला तरी बाकीचे उभे राहिले पाहिजेत. दीडशे शब्दांत बसवायचं म्हणून तुम्ही एकेक शब्द खोडत होतात आणि चहा गार झाला होता. मी शाळेत मराठी शिकवते दादा, प्रश्नपत्रिका काढून काढून केस पिकले, पण असा प्रश्न मला आजवर काढता आला नाही.

पहिल्या खेपेला बॅलटमध्ये, म्हणजे प्रश्नांच्या सोडतीत, नंबर लागलाच नाही. मला वाटलं संपलं. तुम्ही म्हणालात, लोकसभेत आरोग्य खात्याच्या प्रश्नांचा वार शुक्रवार, दिवसाला 230 अतारांकित प्रश्न लागतात, परत टाकलाय. लागला. मंत्री उभे राहून बोलतील असं आईला वाटलं होतं, ती टीव्हीसमोर बसून होती! अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, कुणी उभं राहत नाही, हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली.

आणि उत्तर काय, तर चारही भाग एकत्र करून (क) ते (घ) म्हणून एकच लांबलचक परिच्छेद. साठ्याचा आकडा नाही. मी वैतागून फोन केला. तुम्ही शांतपणे म्हणालात की चौथा परिच्छेद वाचा, स्थानिक खरेदीसाठी राज्यांना निधी दिला जातो असं लिहिलंय ना, मग आता कागद आपल्या हातात आहे, बिलं काढा. ते उत्तर आणि मार्चचं पत्र एकत्र पिन करून तुम्ही आम्हाला जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे पाठवलंत. जिथं जूनमध्ये "असं काही नसतं" ऐकलं होतं तिथंच आता खुर्ची मिळाली. तीन बिलांपैकी दोघांचे पैसे दिवाळीच्या आधी मिळाले. तिसऱ्यावर दुकानाचा शिक्का पुसट आहे म्हणे, ते अजून फिरतंय. पण सेंटरवर आमच्यासारख्या अजून सहा घरांनी अर्ज केले, ते कुणी सांगितलं म्हणून, तर आईनं.

भाऊ बरा आहे. कोर्स संपला, वजन 53. नोव्हेंबर 2024 पासून टीबीच्या पेशंटना सरकार पोषण आहारासाठी देतं ते महिन्याचे पाचशेचे हजार झाले, पण तोवर याचा कोर्सच संपलेला, त्यावरून तो तुम्हाला खूप शिव्या देणार होता, मी थांबवलंय.

एक काम राहिलंय. कालनिर्णयचं ते पान तुम्ही झेरॉक्स काढायला म्हणून ठेवून घेतलं होतं, ते फाईलीतच असेल. आई परत मागतेय. मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशोब आहे आणि तो म्हणतो एप्रिलचे चार लिटर बाकी आहेत.

तुमची ताई