आधी नाणे पडू द्या, मग नियम सांगा

बालपुरवणीतील ‘गतीचे आणि गुरुत्वाकर्षणाचे नियम’ यांची ओळख करून देणारा लेख वाचला. भाषा सोपी आहे, पण क्रम उलटा आहे. आधी व्याख्या आणि मग उदाहरण दिले की मूल व्याख्या पाठ करते आणि उदाहरण विसरते.

जड वस्तू लवकर खाली पडते, असे बहुतेक मुलांना मनापासून वाटते. ही समजूत नुसते वाक्य वाचून जात नाही. नाण्यापेक्षा किंचित लहान कागदी चकती कापा. नाणे आणि चकती वेगवेगळी सोडली, तर चकती तरंगत मागे राहते. तीच चकती नाण्यावर ठेवून नाणे आडवेच सोडले, की दोन्ही एकत्र खाली येतात! अडथळा हवेचा होता, हे मुलाला तिथेच उमगते. मग १९७१ मध्ये अपोलो १५ या चांद्रमोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी हवा नसलेल्या चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले व दोन्ही बरोबरच पडले, हे सांगावे. त्यानंतरच नियम.

पुढचे लेख अशा एखाद्या प्रयोगाने सुरू व्हावेत, ही विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका