फुलपाखरू राखताना झाड पुसू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील वाचकांची फुलपाखरांची छायाचित्रे मी आवडीने पाहतो. त्यांतील बरीचशी हल्ली ‘सिलेक्टिव्ह कलर’ पद्धतीची, म्हणजे फुलपाखरू तेवढे रंगीत आणि भोवतीचे सारे करडे, अशी असतात. मीही हा उद्योग बरीच वर्षे केलेला असल्याने तक्रारीचा मला फारसा अधिकार नाही; तरी एक विनंती आहे.

गेल्या सप्टेंबरात हिप्परगा तलावाजवळच्या एका बांधावर, सकाळी आठच्या सुमारास, पंख पसरून उन्हाला बसलेले नारिंगी फुलपाखरू मला टिपता आले. घरी संगणकावर चित्र कृष्णधवल केले, मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा) लावून बारीक ब्रशने फुलपाखरापुरता रंग परत आणला (मिशांची टोके तीनदा करड्यात गेली), मागचे गबाळ धूसर केले, तांबड्या छटांतला सायन (हिरवट निळा) उतरवला, काळा चढवला आणि ‘प्लेन टायगर’ म्हणून मित्रांना पाठवून दिले. त्यावर एकाने एवढेच विचारले, “खाली झाड कोणते होते?” मला सांगता येईना, आणि मूळ फाइलवरच बदल जतन केल्याने पाहायलाही काही उरले नव्हते.

प्रश्न साधा नव्हता. प्लेन टायगर रुईवर अंडी घालते. रुई खाऊन वाढलेल्या अळीच्या अंगातले विष फुलपाखरातही उतरते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी विषारी नसूनही नेमका तोच नारिंगी वेश घेते, मात्र अंडी घोळीवर घालते. दोघींतला फरक मागच्या पंखावरच्या काळ्या ठिपक्यांत असतो: प्लेन टायगरला तीन-चार, एगफ्लायला वरच्या कडेशी एकच. माझ्या चित्रात ती जागा पुढच्या पंखाखाली गेलेली होती. रुईचे पांढुरके हिरवे पान किंवा घोळीचे लालसर देठ दिसले असते, तर निदान अंदाज बांधता आला असता. करड्यात दोन्ही सारखीच.

निळ्या रंगाचे तर आणखी निराळे आहे. ब्लू पॅन्सीच्या नराच्या मागच्या पंखावरचा निळा रंग खवल्यांच्या घडणीतून, प्रकाशाच्या खेळाने दिसतो. कोन बदलला की तो बदलतो. स्लायडर ओढून तो सगळीकडे सारखा केला, की पंख न वाटता रंगवलेले सूत वाटते. रंग पक्का की कच्चा हे सोलापूरकरांना शिकवावे लागू नये!

अशी छायाचित्रे छापूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. एखादे खरोखरच देखणे असते. मात्र चित्राखाली रंग निवडक ठेवल्याची एक ओळ असावी, फुलपाखरू कोठे व कोणत्या झाडावर होते हे लिहावे, आणि पाठवणाऱ्याकडून मूळ छायाचित्रही मागवून घ्यावे.

सोबत या पावसाळ्यातील माझे एक छायाचित्र पाठवत आहे. त्यात मागचा टाकळा जरा जास्तच दिसतो. तो कृपया तसाच राहू द्यावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर