जिजाईला सुट्टी कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत दोन दिवसांच्या सहलींचे लेख येतात. सूर्यास्त कुठून छान दिसतो, फोटो कुठे काढावेत, सगळं असतं. मी ते आवडीने वाचते, हल्ली नुसतं वाचण्याच्याच हौसेने. पण माणसाला कुठेतरी जाऊन निवांत बसायचं असेल, देवाशी चार शब्द बोलायचे असतील, तर मुळात घरून निघावं कसं, हे त्यात कधी सापडत नाही.

माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली आहे, बोलणंही तुटक झालं आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना पाठ टेकवून सरळ बसवायचं, घाईने घास दिला की ठसका लागतो. रात्री गजर लावून उठायचं. तक्रार म्हणून सांगत नाही. ‘जरा बाहेर पडा, मन रमवा’ म्हणणाऱ्यांना दिवस कसा जातो ते कळावं म्हणून लिहिलं. ‘सकारात्मक राहा’ हे निरोप तर फोनवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासकट येतात. त्यांचं काय करायचं असतं, देव जाणे.

मध्यंतरी माझी नणंद मात्र ‘काही लागलं तर सांगा’ असं न म्हणता सरळ म्हणाली, “वहिनी, शनिवारी मी येतेय. तुम्ही जा.”

गेले. नदीकाठच्या एका जुन्या शिवमंदिराच्या भक्तनिवासात खोली मिळाली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आपल्या पुरवणीत आलं तर तिथेही रांग लागेल. दुपारी देवळात चिटपाखरू नव्हतं. गाभाऱ्यात पिंडीवर गळती, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारं भांडं, टांगलेली. तिच्या तळाशी थेंब जमायचा, फुगायचा, क्षणभर लोंबायचा आणि पडायचा. रुग्णालयात मी रात्र रात्र सलाईनचे थेंब बघितले आहेत. बाटली कधी संपते, सिस्टरना केव्हा हाक मारायची, सुईची जागा सुजली तर नाही ना, सगळं लक्ष त्यात. इथेही थेंबच, पण त्यांची जबाबदारी माझ्यावर नव्हती. पाणी ओतायला गुरव होते. किती वेळ बसले कोण जाणे. प्रवचन ऐकलं नाही, काही मागितलंही नाही. मागणार काय, डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगून टाकलं आहे. पण उठताना वाटलं, सोमवार आपल्याला जमेल. बऱ्याच महिन्यांनी असं वाटलं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात साधनेला जागा कशी असावी याचं वर्णन आहे. निर्मळ पाणी, कोवळं ऊन, माणसांची वर्दळ नाही. मठ असो की शिवालय. माउलींच्या त्या वर्णनात भोंगा नाही. आमच्या देवळात तो संध्याकाळी सुरू झाला आणि रात्री दहाला नियमाप्रमाणे थांबला. रात्री १० ते सकाळी ६ चा तो नियम २००० सालचा आहे, त्याबद्दल सरकारचे आभार. पण तिन्हीसांजेचा एखादा तास विश्वस्तांनी आपणहून शांत ठेवला तर देवाची काही हरकत नसावी.

एकांताला आपल्याकडे मोठा मान. तुकोबा भामचंद्राच्या, भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत. त्यांची बायको जिजाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढायची, ही कथा लहानपणापासून ऐकत आले. उतरताना ती कुठे घटकाभर टेकली का, हे मात्र कीर्तनात कोणी सांगत नाही. (तुकोबांवर माझा राग नाही. या दिवसांत त्यांच्या गाथेनेच मला सांभाळलं आहे.)

‘नवरा अंथरुणाला खिळलेला आणि ही चालली देवदर्शनाला’ हेही कानावर आलं. बोलणाऱ्यांपैकी कुणी आमच्याकडे तासभर येऊन बसलेलं नाही, तेव्हा सोडून देते.

आपल्याला विनंती अशी की सहलींच्या लेखांशेजारी यावरही कुणा जाणकाराकडून लिहून घ्या. थोड्या दिवसांपुरती परिचारिका ठेवायची तर काय विचारावं? रुग्णाला चार दिवस ठेवून घेणाऱ्या शुश्रूषा केंद्रात काय पाहून घ्यावं? नातेवाइकांना काय शिकवून निघावं? मी नणंदेला आदल्या संध्याकाळी कूस बदलायला शिकवलं. गुडघा वाकवून घ्यायचा, खांदा आणि कंबर एकदम धरायची, लुळा हात कधी ओढायचा नाही, खांद्याला इजा होते. सुरुवातीला घाबरली, मग जमलं तिला. पुन्हा येईन म्हणते. आता तिच्या मुलालाही शिकवायचं ठरवलं आहे, म्हणजे सगळा भार तिच्या एकटीवर पडणार नाही.

– एक वाचक (निवृत्त शिक्षिका)